उत्तर आधी लिहायचं नाही
(शाळेच्या १९७५ च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'परदेशातले माझे अनुभव' असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, पन्नास वर्षांनी भेटतोय, त्यात थंडी, पाऊस आणि उकडलेले बटाटे यांचं वर्णन कशाला ऐकवू? त्यापेक्षा एका गाडीची गोष्ट सांगतो. एक जुनी गाडी घ्यावी की न घ्यावी, एवढीच गोष्ट आहे. पण त्या एका प्रश्नात मला पुन्हा आपल्या शाळेच्या बाकावर येऊन बसावं लागलं, म्हणून ती इथंच सांगायची आहे. वीस मिनिटं मागून घेतली आहेत. घंटा झाली की थांबेन. तेवढी शिस्त अजून शिल्लक आहे.

आपल्यापैकी बरेच जण उद्यमनगरातल्या एका गॅरेजात कधी ना कधी येऊन गेले असतील. माझ्या बाकावरच्या जोडीदाराच्या वडिलांचं ते गॅरेज. जोडीदार आज तिसऱ्या रांगेत बसलाय आणि 'स्टेजवर माझं नाव घेतलंस तर बघ' असा दम त्यानं सकाळीच भरलाय, म्हणून नाव घेत नाही. त्या गॅरेजच्या भिंतीवर, ग्रीसचे हात पुसायच्या कापडाच्या वर, एक रंगीत चित्र चिकटवलेलं होतं. रद्दीत आलेल्या कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं. लांबलचक नाक, काचेखाली झाकलेले दिवे, मागं निमुळती होत गेलेली पाठ. आजूबाजूला सगळ्या अँबॅसिडर आणि फियाट उभ्या. आम्हाला वाटायचं ते विमानच असावं, फक्त पंख लावायचे राहिलेत. खाली लिहिलं होतं, जॅग्वार ई-टाइप. आम्ही दोघं शाळा सुटल्यावर तिथं जाऊन ते चित्र बघायचो आणि 'ही मी घेणार' म्हणून भांडायचो. भांडण कधी मिटलं नाही, कारण दोघांपैकी कुणाकडे सायकलसुद्धा नव्हती.

पुढं मी इंजिनिअर झालो. नोकरीच्या निमित्तानं इंग्लंडात कॉव्हेंट्रीला गेलो आणि तिथलाच झालो. योगायोग असा, की ती गाडी ज्या ब्राउन्स लेनच्या कारखान्यात बनली, तो कारखाना माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. मी गेलो तेव्हा ई-टाइप बनणं कधीच थांबलं होतं आणि २००५ मध्ये तिथली जोडणीही बंद झाली. पण त्या रस्त्यानं जाताना दर वेळी मला उद्यमनगरातली भिंत आठवायची.

गाडीची थोडी ओळख करून देतो, म्हणजे पुढचा हिशेब कळेल. ही गाडी मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली. दाखवायला एक गाडी कमी पडली, तेव्हा नॉर्मन ड्युइस नावाच्या कंपनीच्या चाचणी-चालकानं दुसरी गाडी कॉव्हेंट्रीहून रातोरात चालवत जिनिव्हाला पोचवली. ती गोष्ट तिकडे अजून लोक रंगवून सांगतात. आकार माल्कम सेयर यांचा. हे गृहस्थ मुळात विमानाच्या कारखान्यातून आलेले, त्यामुळे आम्हा पोरांना ते विमान वाटलं यात नवल नव्हतं. ल मॉन्सची शर्यत जिंकणारी जॅग्वारची डी-टाइपही त्यांचीच. ताशी दीडशे मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेगाचा दावा, आणि किंमत करांसह दोन हजार पौंडांच्या थोडी वर. त्या काळी ॲस्टन मार्टिनच्या तोडीच्या गाडीला याच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडत. १९६१ ते १९७४ या काळात सगळ्या प्रकारच्या मिळून ७२ हजारांवर ई-टाइप बनल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं १९९६ मध्ये एक आपल्या संग्रहात घेतली.

आता २०२२ साल. मी निवृत्त झालो. हातात एकरकमी पैसा आला. तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, तो दिवस फार विचित्र असतो. आयुष्यभर पैसा आला की त्याला आधीच कामं ठरलेली असतात: फी, घराचा हप्ता, आईवडिलांचं औषध, मुलीचं लग्न. आणि अचानक एक रक्कम अशी येते, जिला काहीच काम नसतं. त्याच महिन्यात मला एक जाहिरात दिसली. १९६६ ची ई-टाइप, ४.२ लिटर, बंद छपराची, गडद लाल. मागणी ६८ हजार पौंड. त्या वेळच्या दरानं पासष्ट लाखांच्या वर रुपये. माझ्या निवृत्तीच्या एकरकमी पैशाच्या निम्म्याहून जास्त.

मी बघायला गेलो. गाडी लखलखत होती. नव्या कातड्याचा वास येत होता. विकणारा अगदी सभ्य माणूस. चहा दिला, किल्ली फिरवली, आणि ते सहा सिलिंडरचं इंजिन असं काही बोलायला लागलं की माझे डोळे भरून आले. हे खरं सांगतोय. त्रेसष्ट वर्षांचा माणूस एका गॅरेजात उभा राहून रडतोय. घरी येताना मनात गाडी घेऊन झाली होती. फक्त पैसे द्यायचे राहिले होते.

घरी आल्यावर मी कागद घेऊन बसलो. इंजिनिअर आहे, हिशेब केल्याशिवाय कसा राहीन? जाहिरातींतल्या किमती लिहिल्या. कुणी ८५ हजार मागतोय, कुणी ९५, एक तर सव्वा लाख. त्यांची सरासरी काढली. त्या मानानं ६८ म्हणजे फुकटच! मग दरवर्षी किंमत किती वाढेल ते लिहिलं. दहा वर्षांनी एवढे होतील, म्हणजे ही चैन नाही, गुंतवणूक आहे. शिवाय तिकडे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्त्याचा कर माफ, विकताना भांडवली नफ्यावर कर नाही. सगळं कसं जुळत गेलं. कागद सौ.पुढे ठेवला. तिनं तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "अहो, ही तुम्ही चालवणार आहात, की नुसती पुसणार आहात?"

मला राग आला. पण रात्री झोप लागेना. आणि अंधारात एकदम गणिताचे सर दिसले.

सर, आपण समोर बसला आहात. आपल्याला कदाचित आठवणार नाही. नववीत नफा-तोट्याची गणितं होती. मी पुस्तकाच्या मागे उत्तर बघायचो, वहीत तळाला ते आधी लिहून ठेवायचो आणि मग वरच्या पायऱ्या त्या उत्तराला गाठतील अशा बसवायचो. आपण वही हातात घेतलीत, कान धरला नाहीत, फक्त म्हणालात, "उत्तर बरोबर आहे. पण गणित खोटं आहे. उद्या आयुष्यात पुस्तकाच्या मागे उत्तर छापलेलं नसेल, तेव्हा काय करशील?" आणि संपूर्ण वही पुन्हा लिहायला लावलीत.

त्या रात्री मला कळलं की माझा कागदही तसाच होता. तळाला 'घ्यायची' हे आधी लिहिलं होतं. वरच्या सगळ्या पायऱ्या मी नंतर बसवल्या होत्या.

सकाळी उठून मी तिसऱ्या रांगेतल्या माणसाला फोन लावला. आम्ही दहावीनंतर वेगळे झालो. मी कॉलेजात गेलो, तो गॅरेजात. पन्नास वर्षं त्याचे हात पत्र्यात आणि इंजिनात आहेत. मी त्याला उत्साहानं फोटो पाठवले होते. वाटलं, म्हणेल 'वा!' तो म्हणाला, "आरं, रंग काय बघतोयस? खाली झोपलास का?"

मी म्हटलं, नाही.

"मग बघितलं काय लका तू?"

दोस्तांनो, इथून पुढे जे सांगतोय ते माझं ज्ञान नाही. ते त्याचं आहे. त्यानं आयुष्यात ई-टाइपला हात लावलेला नाही, पण पत्रा कुठंही पत्राच असतो, हे तो जाणतो.

दुसऱ्यांदा गेलो ते फोनवर व्हिडिओ चालू करून. विकणाऱ्याला आधीच सांगितलं होतं की इंजिन थंड ठेवा. पहिल्या वेळी मी पोचलो तेव्हा बॉनेट कोमट होतं आणि मला त्यात काही वाटलं नव्हतं. जुनं इंजिन गरम असताना गोड बोलतं, खरं बोलतं ते थंडीत. या वेळी सुरू करताच निळसर धूर आला आणि पुढून साखळीची खडखड ऐकू आली. थोड्या वेळानं दोन्ही कमी झालं. "इंजिनचं सोड," उद्यमनगरातून आवाज आला, "इंजिन उतरवून करता येतं. पत्र्याकडं चल."

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. मधला पत्र्याचा पेटारा हाच तिचा सांगाडा, आणि त्याला पुढं नळ्यांची चौकट बोल्टनं जोडलेली. दाराखाली दोन्ही बाजूंना जो आडवा पोकळ भाग असतो, त्याला तिकडे सिल म्हणतात. सगळा भार त्याच्यावर. पाणी आत शिरतं आणि तो आतून गंजतो. बाहेरून दिसत नाही. मी आमच्या फ्रिजवरचं, रंकाळ्याचं चित्र असलेलं चुंबक खिशात घालून नेलं होतं. रुमालात गुंडाळून ते पत्र्यावर फिरवत गेलो. दारावर चिकटलं. छपरावर चिकटलं. डाव्या सिलच्या मागच्या टोकाला आलं आणि रुमालासकट खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. मागच्या चाकाच्या कमानीवरही तेच.

"लांबी भरलीय," तो म्हणाला. पत्र्याच्या जागी पुट्टी.

मग त्यानं पुढून जॅक लावायला सांगितलं. विकणाऱ्याची परवानगी घेऊन लावला. "आता दार उघड आणि परत लाव." दार उघडलं, पण लावताना ते मागच्या कडेला घासलं. गाडी खाली असताना फट अगदी सरळ होती. म्हणजे उचलल्यावर मधला पेटारा वाकत होता. जी गोष्ट ताठ हवी, ती वाकत होती.

मी गाडीखाली झोपलेला. वर तो लाल रंग चमकतोय. फोनमधून माझा जोडीदार शांतपणे म्हणाला, "गड्या, वाईट वाटून घेऊ नगंस. अजून कागद बघ."

कागद. आता हे नीट ऐका, कारण हे जमिनीच्या व्यवहारालाही लागू आहे. विकणारा सांगत होता, गाडी इंग्लंडातच विकली गेलेली, मूळ उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, २०१२ साली पूर्ण नव्यानं बनवलेली. मी तीन गोष्टी तपासल्या.

पहिली, दरवर्षीच्या सरकारी तपासणीची नोंद. तिकडे तिला एमओटी म्हणतात आणि मागच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी कुणालाही फुकट बघता येतात. २०११ च्या नोंदीत सिल गंजल्याचा शेरा होता. पुढच्या वर्षी शेरा गायब. मी त्या कामाचं बिल मागितलं. बिल होतं ते फक्त रंगाचं. पत्रा कापून नवा जोडल्याचं बिल नाही, एक फोटो नाही. जो माणूस हजारो पौंड घालून गाडी नव्यानं बनवतो, तो फोटो काढतोच काढतो. लग्नाचे नसतील एकवेळ, पण त्याचे असतात. आणि २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिली नाही, त्यामुळे पुढं कोरी पाटी.

दुसरी, चासी नंबर. या वर्षांतल्या बंद छपराच्या, दोन आसनी ४.२ गाड्यांचे नंबर ठरलेल्या क्रमानं दिलेले आहेत. उजव्या हाताच्या गाडीचा नंबर '१ई२' नं सुरू होतो, डाव्या हाताच्या गाडीचा '१ई३' नं. मी टॉर्च घेऊन पुढच्या चौकटीवर ठोकलेला नंबर वाचला. '१ई३'.

गाडी डाव्या हाताची होती. बहुतेक ई-टाइप परदेशी, त्यातही अमेरिकेला गेल्या. त्यांतल्या कित्येक पुढं इंग्लंडात परत आणल्या गेल्या आणि स्टिअरिंग उजवीकडे बदललं गेलं. त्यात गुन्हा काही नाही, चालायलाही फरक पडत नाही. पण संग्रह करणारे मूळ उजव्या हाताच्या गाडीला जास्त पैसे देतात, कारण तशा कमी आहेत.

तिसरी, जॅग्वारच्या वारसा संस्थेचं प्रमाणपत्र. कारखान्याच्या मूळ नोंदवहीतून ते देतात. चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे मूळ नंबर, मूळ रंग, तयार झाल्याची तारीख, कुठल्या विक्रेत्याकडे गेली, सगळं त्यात असतं. ते मागवलेलंच नव्हतं. विकणाऱ्यानं कपाळाला हात लावला. मला आजही वाटतं, तो लबाड नव्हता. त्यानंही ती गाडी तशीच, रडत रडत घेतली असणार. त्याला कुणी उद्यमनगरातून फोन केला नव्हता, एवढंच.

मग मी नवा कागद घेतला आणि सर, या वेळी तळ कोरा ठेवला.

पहिली पायरी. मागितलेल्या किमती सगळ्या खोडल्या. मागणं म्हणजे किंमत नव्हे. न विकली गेलेली गाडीच तर जाहिरातीत दिसते. त्याऐवजी गेल्या वर्षभरातल्या लिलावांचे निकाल घेतले, प्रत्यक्ष पैसे मोजले गेले ते. त्यातही घेणाऱ्याला वर द्यावी लागणारी लिलाववाल्यांची दलाली धरलीय की नाही, ते बघितलं. आणि तुलना सारख्याशी सारखी. पहिल्या ३.८ लिटरच्या गाड्या वेगळ्या, ऑक्टोबर १९६४ नंतरच्या ४.२ च्या वेगळ्या, उघड्या छपराच्या तर फारच वेगळ्या आणि महाग. माझ्या वहीत, स्टिअरिंग बदललेली पण पत्र्यानं धड असलेली अशी गाडी साधारण ६० हजारांपर्यंत जात होती.

दुसरी पायरी. ती धड करायला काय लागेल? तिकडच्या पत्र्याचं काम करणाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, २४ हजारांपासून पुढे, आणि उघडल्याशिवाय वरचा आकडा सांगणार नाही. इंजिनची साखळी आणि मागचे ब्रेक मिळून आणखी चार. या गाडीचे मागचे डिस्क ब्रेक चाकापाशी नसून आत मध्यभागी आहेत. त्यांचं मोठं काम काढलं की मागचा अख्खा सांगाडा खाली उतरवावा लागतो. मजुरी तिथं जाते.

साठातून अठ्ठावीस गेले, उरले बत्तीस.

तिसरी पायरी वाढीची. मी दरवर्षी किंमत वाढेल असं धरलं होतं ना? इतिहास बघितला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर याच गाड्या जुन्या बाजारात कवडीमोलानं गेल्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी लोक वेड्यासारखे पैसे घालू लागले, किमती आभाळाला भिडल्या आणि नव्वदीच्या सुरुवातीला धाडकन आपटल्या. ज्यांनी कर्ज काढून गुंतवणूक म्हणून घेतल्या, त्यांची घरं गहाण पडली. शिवाय वाढ धरायची तर विमा, गॅरेजचं भाडं, देखभाल हेही दरवर्षी धरायला हवं. माझ्या पहिल्या कागदावर वाढ होती, खर्च नव्हता. म्हणून ती ओळ मी शून्य केली. किंमत वाढली तर नशीब, पण हिशेब वाढीवाचून उभा राहिला पाहिजे.

चौथी पायरी सौ.ची. चालवणार की पुसणार? याला मी रुपयांत उत्तर देऊ शकलो नाही, पण लिहून ठेवलं.

मी ३५ हजार देऊ केले. बत्तीसच्या वर तीन हजार हे भिंतीवरच्या चित्राचे. विकणारा ६१ पर्यंत उतरला, त्याखाली येईना. त्याचंही बरोबर होतं, त्यानं तेवढे घातले होते. मी हात मिळवला आणि निघालो. गाडीत बसल्यावर दहा मिनिटं चावी फिरवली नाही. पन्नास वर्षांची गोष्ट अठ्ठावीस हजारांच्या वजाबाकीत संपली असं वाटलं.

घरी येऊन जोडीदाराला सांगितलं. तो म्हणाला, "गेली ती गाडी नव्हती. गेला तो रंग होता."

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे शेवटी घेतलीच नाही? घेतली. पण दुसरी.

१९६६ साली जॅग्वारनं ई-टाइपचाच एक लांब प्रकार काढला, टू प्लस टू. चाकांमधलं अंतर नऊ इंचांनी जास्त, छप्पर जरा उंच आणि मागं लहान मुलांपुरती दोन आसनं. संग्राहक तिच्याकडे बघून नाक मुरडतात. पाठीची रेषा बिघडली म्हणतात. आणि नाक मुरडतात म्हणून ती स्वस्त मिळते. आठ महिने शोधल्यावर अशी एक १९६७ ची सापडली. एकाच घराण्यात राहिलेली. रंग विटलेला, बॉनेटवर खड्यांचे टवके, कातडं भेगाळलेलं. पण बिलांचा गठ्ठा जाडजूड, सिल बदलल्याचे फोटो आहेत, नंबर प्रमाणपत्राशी जुळतात आणि स्टिअरिंग पहिल्यापासून उजवीकडे. रंकाळ्याचं चुंबक सगळीकडे चिकटलं. गाडी उचलली, दार खट्कन लागलं. ४१ हजार पौंडांना घेतली. पहिल्या वर्षी आणखी ३,८०० घातले.

आज विकली तर घातलेले सगळे पैसे परत येतील का? मला नाही वाटत. पण सौ.च्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. दर रविवारी दोन नातवंडं मागं बसतात, आम्ही दोघं पुढं, आणि बॉनेटवर आणखी एक टवका उडाला तरी मला काही वाटत नाही. ६८ हजारांची लाल गाडी मी पावसात बाहेर काढली नसती. कॉव्हेंट्रीत पावसात न काढायचं म्हटलं, तर वर्षातून चार वेळा निघाली असती. म्हणजे सौ.चं म्हणणं, पुसलीच असती.

आपल्यापैकी कुणाला इथं असा नाद असेल तर एक सांगतो. आपल्याकडेही २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू झाली आहे, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं असतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा ठरलेल्या कामांपुरतीच बाहेर काढता येते. तेव्हा 'चालवणार की पुसणार' हा प्रश्न इथं घेण्याआधीच विचारा.

आणि ज्यांना गाडीचा नाद नाही, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. या वयात आपल्याकडे थोडा पैसा आहे आणि अनेक जुन्या इच्छा आहेत. कुणाला गावाकडे वाडा परत घ्यायचाय, कुणाला डोंगरावर प्लॉट. इच्छा वाईट नाहीत. तिला हिशेबाचे कपडे घालू नका, एवढंच. इच्छेला इच्छा म्हणा आणि तिचे वेगळे पैसे काढा, जसे मी तीन हजार काढले. उरलेला हिशेब कोऱ्या तळापासून करा. विकणाऱ्यानं सांगितलेलं एकेक वाक्य कागदाशी ताडून बघा. आणि ज्याला त्या कामातलं खरंच कळतं, त्याला विचारा, मग त्याच्याकडे डिग्री असो वा नसो. मी चाळीस वर्षं मोटारीच्या कारखान्यांना भाग पुरवणाऱ्या कंपनीत काम केलं, पण मी गाडीखाली झोपलो नाही. ते सांगायला ग्रीसचे हात लागले.

सर, आपण विचारलं होतंत, पुस्तकाच्या मागे उत्तर नसेल तेव्हा काय करशील? उत्तर द्यायला मला पन्नास वर्षं लागली. वही परत तपासून घ्यायची असेल तर तो कागद मी बरोबर आणलाय, चहाच्या वेळी दाखवतो.

आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसा, गॅरेजच्या भिंतीवरचं भांडण अजून मिटलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तू कॉव्हेंट्रीला ये. किल्ली तुझ्या हातात देतो. तू आधी खाली झोपून बघशील हे मला माहीत आहे. सतरंजी घालून ठेवतो.

घंटा झाली वाटतं. थांबतो.